जेत्यांचा कॅमेरा आणि पांगसाऊची वाट

१/१३
जपानविरुद्धच्या युद्धाचा कोणताही माहितीपट पाहा. जळणारी जहाजे, वाळूवर उतरणारे सैनिक, नारळीच्या बुंध्यांआड उठणारा धूर, अशी तीच ती दृश्ये डोळ्यांसमोरून सरकतात. ती खरीच आहेत. पण ती कोणी टिपली आणि कोणासाठी? या प्रश्नाचा माग आपल्याला यवतमाळच्या एका नेत्यापर्यंत घेऊन जातो.

२/१३
आधी तंत्र समजून घेऊ. अमेरिकी युद्धचित्रकारांच्या हाती बहुधा ‘आयमो’ हा चावीवर चालणारा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा असे. त्यात १०० फूट फिल्म मावे आणि ती जेमतेम मिनिटभर पुरे. हा कॅमेरा ध्वनी टिपत नसे. आपल्याला ऐकू येणारा तोफांचा गडगडाट पुष्कळदा नंतर स्टुडिओत जोडलेला असतो.

३/१३
नोव्हेंबर १९४३ मध्ये पॅसिफिकमधील तारावा या चिमुकल्या प्रवाळबेटासाठी तीन दिवस घनघोर लढाई झाली. सुमारे १,००० अमेरिकी सैनिक मारले गेले. ‘विथ द मरीन्स ॲट तारावा’ हा लघुपट त्याच चित्रणातून तयार झाला. त्यात अमेरिकी सैनिकांची प्रेते दिसतात. ती जनतेला दाखवावीत की नाही, हा निर्णय थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेला होता. तेव्हा काय टिपले, याइतकेच काय दाखवू दिले, हेही महत्त्वाचे.

४/१३
आता कॅमेऱ्याची दुसरी बाजू पाहू. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. पांढरे निशाण घेऊन फोर्ड कारखान्याकडे चालत जाणारे जनरल पर्सिव्हल आणि समोर बसलेले जनरल यामाशिता ही दृश्ये जगप्रसिद्ध आहेत. ती जपानी कॅमेऱ्याने टिपली. ब्रिटिश साम्राज्याच्या या मानहानीचे चित्रण आपल्याजवळ आहे, कारण जेत्याला ते हवे होते.

५/१३
हिंदुस्थान सरकारनेही चित्रपटाचे बळ ओळखले होते. १९४० मध्ये मुंबईत ‘फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड’ स्थापन झाले. जे. बी. एच. वाडिया त्याचे अध्यक्ष होते आणि व्ही. शांताराम यांनीही काही काळ तेथील निर्मितीची धुरा वाहिली. १९४३ मध्ये त्याची जागा ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ने घेतली आणि ‘इंडियन न्यूज परेड’ हे वार्तापट सुरू झाले.

६/१३
हे पट लोकांनी पाहावेत म्हणून त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांखाली सक्ती आली. प्रत्येक खेळात सुमारे २,००० फुटांपर्यंत, म्हणजे वीस-बावीस मिनिटांचे, सरकारमान्य चित्रण दाखवणे चित्रपटगृहांवर बंधनकारक झाले. करमणुकीसाठी तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला आधी सरकारचे युद्ध पाहावे लागे.

७/१३
या चित्रणात जे ठळकपणे येत नाही, तिकडे आता वळू. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० मध्ये वणी येथे झाला. ते यवतमाळचे नामांकित वकील होते आणि १९३० मध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. १९४१ मध्ये हेच अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्यांच्याकडे खाते आले परदेशस्थ भारतीयांचे.

८/१३
काही महिन्यांतच हे खाते आगीच्या तोंडी सापडले. त्या वेळी ब्रह्मदेशात सुमारे १० लाख भारतीय होते. रंगून तर वस्तीच्या दृष्टीने भारतीयबहुल शहर होते. २३ डिसेंबर १९४१ रोजी त्या शहरावर बॉम्ब पडले आणि ८ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य आत शिरले. हमाल, कारकून, व्यापारी, बायका, मुले, सारे मायदेशाच्या दिशेने निघाले.

९/१३
चार ते पाच लाख माणसे परतली, त्यांपैकी बहुसंख्य पायी. कोणी अराकानमार्गे चितगावकडे, कोणी तामूवरून इंफाळकडे, तर शेवटचे लोक ऐन पावसाळ्यात हुकाँग खोरे आणि पांगसाऊ खिंड ओलांडून लेडोकडे आले. कॉलरा, हिवताप आणि उपासमार यांनी किती बळी घेतले, याचे अंदाज १० हजारांपासून ५० हजारांपर्यंत आणि त्याहूनही पुढे जातात. गोऱ्यांसाठी बरी वाट आणि काळ्यांसाठी दुसरी, असा भेदभावही झाला. त्यावरून देशभर संताप उसळला.

१०/१३
या महायात्रेची दृश्ये आपल्या स्मरणात का नाहीत? युद्धाचा कॅमेरा सैन्याच्या परवानगीने, सैन्याच्या वाहनातून आणि सैन्याच्या शिध्यावर चालतो. येथे सैन्यच माघार घेत होते. जपानी कॅमेरा रंगूनच्या विजयात रमला होता. चिखलात बसलेल्या कुटुंबाचे चित्र कोणत्याच सरकारला प्रचारासाठी उपयोगाचे नव्हते.

११/१३
पुढे त्याच पांगसाऊ खिंडीतून अमेरिकी अभियंत्यांनी, त्यांच्या कृष्णवर्णीय सैनिकांनी आणि भारतीय मजुरांनी लेडो रस्ता काढला. काम करताना त्यांना १९४२ च्या निर्वासितांचे सांगाडे आढळले. १९४५ मध्ये ‘द स्टिलवेल रोड’ हा माहितीपट आला आणि त्याला निवेदन लाभले रोनाल्ड रेगन यांचे. त्या पटाचा नायक मात्र हा रस्ता आहे. वाट तीच होती, फक्त आता ती विजयाकडे जात होती.

१२/१३
अणे यांची कोंडी येथेच ध्यानात येते. जबाबदारी त्यांची होती, पण सेना, वाहतूक आणि प्रचारयंत्रणा त्यांच्या हाती नव्हती. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले, तेव्हा ते सरकारातच होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला. पुढे ते सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी झाले.

१३/१३
म्हणून चित्रफीत पाहताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत : कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे? हा आवाज त्याच क्षणाचा आहे का? आणि याच तारखेला चौकटीबाहेर कोण चालत होते? तिसऱ्याचे उत्तर फिल्मच्या डब्यात क्वचितच सापडते. ते शोधायचे तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अणे यांच्या खात्याचे कागद उघडावे लागतात. जे पडद्यावर आले नाही, ते घडलेच नाही असे मानले, तर पांगसाऊच्या वाटेवर पडलेली ती माणसे दुसऱ्यांदा मागे राहतील.