ममीतला खरा किडा

मी पीएचडी शेणकिड्यांवर करतेय. गेल्या पावसाळ्यात उरणमधल्या एका शाळेत हे काम मुलांना सांगायला गेले होते. बरणीतला काळा, जाडजूड भुंगेरा दाखवला आणि मागच्या बाकावरून ओरडा आला, "मॅडम, हा तर ममीवाला! अंगात घुसतो!" दोन मुली चक्क उठून मागे सरकल्या. शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर शेणाशेजारी तसाच एक भुंगेरा चपलेखाली चिरडलेला दिसला. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

दोष मुलांचा नाही. १९९९ च्या 'द ममी' या सिनेमात इम्होतेपला शवपेटीत जिवंत पुरतात आणि वर माणसं खाणारे स्कॅरॅब सोडतात. एकाच्या तर कातडीखालून भुंगेरा सरसर पळताना दिसतो. (खरा इम्होतेप पायऱ्यांच्या पिरॅमिडशी जोडला गेलेला राजाचा अधिकारी. लोकांनी पुढे त्याला वैद्यांचा देव केलं. त्या बिचाऱ्यावरही अन्यायच झाला.) त्याच वर्षीच्या 'टूम्ब रेडर'च्या व्हिडिओ गेममध्येही भुंगेऱ्यांच्या झुंडी अंगावर येतात.

आता खरा स्कॅरॅब बघा. तो शेण खातो, बस. शेणाचा गोळा करतो, मागच्या पायांनी लोटत नेतो आणि जमिनीत पुरतो. इजिप्तच्या लोकांनी हे नीट पाहिलं होतं. गोळा ढकलणारा भुंगेरा बघून त्यांना आकाशात सूर्य ढकलणारा खेप्री देव सुचला. जमिनीत गेलेल्या शेणातून नवा भुंगेरा वर येतो, म्हणून 'खेपेर' म्हणजे होणं, अस्तित्वात येणं, हा शब्द लिहायला त्याचंच चित्र वापरलं. तूतनखामूनच्या राजनामातही हा भुंगेरा आहे. मेलेल्याच्या छातीवर दगडी स्कॅरॅब ठेवत, त्यावर मंत्र कोरलेला असे: न्यायाच्या वेळी हृदयाने मालकाविरुद्ध साक्ष देऊ नये. म्हणजे ज्याला आपण मारेकरी केलं, तो त्यांच्याकडे मेलेल्याचा पाठीराखा होता.

त्यांचंही सगळं बरोबर नव्हतं म्हणा. या किड्यांत मादी नसतेच, असं प्लुटार्कने लिहून ठेवलंय. लोटत नेलेला गोळा बहुधा खाण्यासाठी असतो आणि अंडं जमिनीखालच्या नाशपातीच्या आकाराच्या गोळ्यात असतं, हे कळायला एकोणिसाव्या शतकात फाब्र या फ्रेंच शिक्षकाची चिकाटी लागली.

गंमत म्हणजे पटावरच्या एका खेळाला हे नकळत जास्त जमलंय. 'खेत' नावाच्या खेळात आरशांवरून लेझरचा किरण फिरवून समोरच्याच्या सोंगट्या मारायच्या. त्याच्या नव्या आवृत्तीतल्या स्कॅरॅब सोंगटीला दोन्ही बाजूंनी आरसे आहेत, त्यामुळे ती मरतच नाही.

मग ममी खाणारा किडा असा काही नव्हताच का? होता! १८३० च्या दशकात फ्रेडरिक होप या इंग्रज कीटकतज्ज्ञाने इजिप्तच्या ममींच्या डोक्यांतून निघालेले किडे तपासले. त्यांतल्या एकाला त्याने नावच दिलं, नेक्रोबिया मुमिआरुम, म्हणजे ममींचा नेक्रोबिया. आज तो नेक्रोबिया रुफिपेस म्हणून ओळखला जातो. जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांब, निळसर हिरवा, चकचकीत, पाय लालसर. ममींमध्ये डर्मेस्टिड भुंगेऱ्यांचे अवशेषही सापडतात. त्यांच्या अळ्या केसाळ. सांगाडे स्वच्छ करायला आजही संग्रहालयं त्या पाळतात. हे सगळे सुकलेलं मांस, कातडी असलं खाणारे. जिवंत माणसाच्या वाटेला ते जात नाहीत. सिनेमावाल्यांनी यांची भूक घेतली आणि रूप स्कॅरॅबचं दिलं, कारण पडद्यावर अर्धा सेंटिमीटरचा किडा कोण बघणार?

आणि नेक्रोबियाला आणखी काय आवडतं माहितेय? सुकी मासळी आणि सुकं खोबरं. करंजाला ज्यांच्या घरी बोंबील वाळत घालतात, त्यांना वेगळं सांगायला नको.

पुढच्या वेळी त्याच वर्गात गेले तेव्हा बरणीऐवजी किड लागलेल्या सुकटीचा डबा नेला. झाकण उघडल्यावर एक मुलगा वाकून म्हणाला, "हा? हा तर आमच्या आजीच्या डब्यात पण असतो. ती उन्हात टाकते सगळं." मागे सरकलं कोणीच नाही, नाकं मात्र सगळ्यांनी धरली.