घडीचा चाकू दहा हजारांचा? पैसे नेमके कशाचे?

घडीचा चाकू म्हटलं की आपल्याला आठवतो रामपुरी, तोही हिंदी सिनेमातला. पण फ्रान्समध्ये हाच चाकू शेतकऱ्याच्या खिशातली रोजची वस्तू. आणि तिथले काही चाकू 100 युरोच्या पुढे विकले जातात. म्हणजे आपले दहा हजार रुपये! इतके पैसे द्यावेत का? मला विचाराल तर याचं उत्तर दोन चाकूंच्या इतिहासात आहे.

पहिला ओपिनेल. 1890 साली सव्हॉय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल या तरुणाने तो बनवला. बीच लाकडाची मूठ, स्टीलचं पातं, बस्स. 1897 मध्ये त्याने 1 ते 12 नंबरचे आकार ठरवले. 1955 मध्ये पातं अडकवून ठेवणारी फिरती कडी आली. मूठ मशीनवर बनते, म्हणून किंमत कमी. आजही साधा ओपिनेल पंधरा-वीस युरोत मिळतो आणि झकास कापतो. म्हणजे नुसतं कापायचंच असेल, तर महाग चाकू लागत नाही. विषय संपला.

पण दुसरा चाकू आहे ना! लायोल. हे दक्षिण फ्रान्समधल्या एका छोट्या गावाचं नाव. 1829 च्या सुमारास तिथे पिएर-जाँ कॅलमेल्सने हा चाकू घडवायला सुरुवात केली. पुढे गुराख्यांसाठी त्यात दाभणासारखा टोच्या आला. 1880 च्या सुमारास बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आला. का? तर आपली कोकणातली माणसं मुंबईला गेली, तशी त्या भागातली माणसं पॅरिसला जाऊन कॅफेत कामाला लागली होती. गावाचा अख्खा इतिहास एका मुठीत!

चांगल्या लायोलमध्ये अनेकदा एकच कारागीर सगळे भाग जुळवतो, शिंगाची मूठ घासतो, स्प्रिंगवर कानशीने नक्षी काढतो. तुम्ही पैसे देता ते त्याच्या तासांचे.

आता खरी गोम. ‘लायोल’ या नावाला संरक्षणच नव्हतं. 1993 मध्ये गावाबाहेरच्या एका व्यावसायिकाने ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. बाहेरून आलेल्या स्वस्त चाकूंवरही तेच नाव, तीच मधमाशी. 2012 मध्ये गाव कोर्टात हरलं, तेव्हा लोकांनी निषेध म्हणून गावाच्या नावाची पाटीच उतरवली. 2019 मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाने त्यातले बरेच ट्रेडमार्क रद्द केले. तोवर पंचवीसेक वर्षं गेली होती.

ओळखीचं वाटतंय ना? कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तशाच चपला दाखवल्या आणि त्यात कोल्हापूरचं नावही नव्हतं. आरडाओरडा झाल्यावर त्यांनी ते मान्य केलं.

म्हणून माझं मत सांगतो. महाग चाकू घ्यावा, पण मधमाशी बघून नाही. तो कुठल्या कारखान्यात बनला, कोणी बनवला, हे विचारा. उत्तर मिळालं तर दहा हजार वाजवी आहेत, कारण ते ज्याने घडवलं त्याच्यापर्यंत पोहोचतात. नाही मिळालं, तर सरळ ओपिनेल घ्या. तो निदान आहे तेवढीच किंमत सांगतो.

भेटू पुढच्या भागात!