हरकती व सूचना

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात जाहीर सूचना छापून येतात. वर खात्याचं नाव, मध्ये गावांची आणि गट नंबरांची लांबलचक यादी, आणि तळाशी ठरलेली ओळ: कुणाच्या काही हरकती व सूचना असतील तर अमुक दिवसांत लेखी द्याव्यात. निवृत्तीनंतर मला या नोटिसा वाचायचा नाद लागला. घरचे हसतात. लोक शब्दकोडं सोडवतात, मी गट नंबर वाचतो.

'हरकत' हा शब्द मोठा गमतीचा आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ हालचाल. मराठीत येता येता तो अडथळा होऊन बसला. सरकारी कागदात मात्र त्याचे दोन्ही अर्थ हरवतात. हालचालही नाही आणि अडथळाही नाही, फक्त आवक क्रमांक.

आमच्या गावाला पंचक्रोशीत जऊळका रेल्वे म्हणतात. रेल्वे गावाच्या नावातच येऊन बसली आहे. निजामाच्या राजवटीत पूर्णेहून हिंगोलीपर्यंत आलेली मीटरगेज स्वातंत्र्यानंतर अकोल्यावरून खंडव्याला जोडली गेली आणि आम्ही नकाशावर आलो. २००८ मध्ये पूर्णा ते अकोला ब्रॉडगेज झाली. लाइन कुठून न्यायची हे गावाला कुणी विचारलं होतं का? जुन्या माणसांच्या बोलण्यात एवढंच यायचं की मोजणीवाले आले, खुंट्या ठोकल्या, गेले. त्यात तक्रारीचा सूरही नसायचा. पाऊस पडला, तशी लाइन आली.

विचारण्याची ही रीत आपल्याकडे कधी सुरू झाली, हे शोधताना मी थेट मुळशीला जाऊन पोहोचलो. १८९४ चा भूसंपादन कायदा असा होता की सरकारनं एकदा 'सार्वजनिक प्रयोजन' म्हटलं की विषय संपला. मालकानं भांडायचं ते क्षेत्रफळावर, मोबदल्यावर आणि वाटणीवर. 'मला जमीन द्यायचीच नाही, धरण दुसरीकडे बांधा' असं म्हणायला कायद्यात जागाच नव्हती. १९२१ च्या एप्रिलमध्ये मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याच लढ्यानं पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' केलं. धरण झालंच. पण त्या वेळी शेतकऱ्यापाशी सत्याग्रह सोडून दुसरं साधन काय होतं, हे पाहिलं म्हणजे त्या लढ्याचा अर्थ नीट कळतो. १९२३ मध्ये त्या कायद्यात ५-अ हे कलम घातलं गेलं. तीस दिवसांत हरकत घ्या, कलेक्टर म्हणणं ऐकून घेईल. मुळशीमुळेच ते आलं असं मी म्हणणार नाही, पण साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. आणि हेही लक्षात ठेवावं की त्याच कायद्यात १७ वं कलम होतं. काम 'तातडीचं' आहे असं ठरवलं की ५-अ ची सुनावणीच बाजूला सारता येत असे. दार केलं आणि शेजारीच कुलूपही टांगून ठेवलं!

हरकती-सूचनांमुळे खरोखर काही घडलं, असं महाराष्ट्रातलं एक उदाहरण मला फार आवडतं आणि त्याच वेळी सलतंही. १९६४ मध्ये मुंबई महानगरपालिकेनं विकास आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला आणि सूचना मागवल्या. मुंबई म्हणजे दक्षिणोत्तर लांबट बेट. नोकऱ्या दक्षिणेच्या टोकाला, माणसं उत्तरेच्या उपनगरांत, आणि रोज सकाळी सगळा लोंढा एकाच दिशेनं. आराखड्यात यावर उत्तर नव्हतं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी सांगितलं की शहर उत्तरेकडे ओढत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे पूर्वेला नवं शहर वसवा, म्हणजे गर्दीची दिशाच बदलेल. १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकानं त्यांची योजना छापली. सरकारनं ती मान्य केली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये ठाण्याच्या खाडीवर पूल झाला. लोकल गाडीला मात्र वाशी गाठायला १९९२ उजाडलं. म्हणजे नव्या शहरातल्या माणसांनी जवळजवळ वीस वर्षं बसच्या रांगेत काढली. हा सगळा वाहतुकीचा प्रश्न सोडवायला म्हणून शहर काढलं होतं, बरं का.

आता सलणारी बाजू. त्या तिघांनी सूचना केली ती ऐकली गेली, याचा आनंदच आहे. पण ज्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहायचं होतं, तिथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना 'तुमची काही सूचना?' असं त्या बैठकीत कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत आली ती नोटीस. पुढे दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली त्यांनी झगडा मांडला. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला जासई परिसरात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्यानंतर कुठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आकाराला आलं. एकाच शहराच्या इतिहासात सूचनेचे हे दोन रस्ते आहेत. एक मासिकाच्या पानावरून गेला, दुसरा गोळीबारातून.

परदेशातही हे सुखानं झालेलं नाही. अमेरिकेत शहरातून जाणाऱ्या महामार्गांसाठी जनसुनावणी १९५० च्या कायद्यानं आणली, पण खरी कलाटणी लोकांनी दिली. सॅन फ्रान्सिस्कोत १९५९ मध्ये नगरमंडळानं आखलेल्या दहा द्रुतगती मार्गांपैकी सात रद्द करून टाकले. १९६२ मध्ये तिथल्या संघीय कायद्यानं पन्नास हजारांवरच्या शहरी भागांत स्थानिक संस्थांना घेऊनच वाहतुकीचं नियोजन करायचं, अशी अट घातली. तिकडचं सगळं सोन्याचं आहे असं मात्र समजू नये. गरिबांच्या वस्त्या तिथेही आधीच फोडल्या गेल्या होत्या.

असो. आपल्या जिल्ह्याकडे येतो.

२०१३ चा भूसंपादन कायदा आला तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. सामाजिक परिणामांचा अभ्यास, जनसुनावणी, काही प्रकल्पांना सत्तर-ऐंशी टक्के लोकांची संमती... शंभर वर्षांत पहिल्यांदाच कायदा माणसासारखा बोलत होता. मग मागची परिशिष्टं वाचली. चौथ्या परिशिष्टात तेरा कायदे वगळलेले, त्यांत राष्ट्रीय महामार्ग कायदा आणि रेल्वे कायदा! म्हणजे खेड्यातल्या माणसाची जमीन ज्या दोन गोष्टींसाठी हमखास जाते, त्याच बाहेर. २०१५ मध्ये या तेरा कायद्यांनाही नव्या दराचा मोबदला आणि पुनर्वसन लागू झालं, पण संमती आणि परिणामांचा अभ्यास काही आला नाही. पैसा आला, विचारणं राहून गेलं. मालेगाव-वाशिमवरून हिंगोलीकडे जाणाऱ्या १६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण झालं ते याच चौकटीत: अधिसूचनेनंतर २१ दिवस, आणि हरकत घ्यायची ती जमिनीच्या वापरावर.

समृद्धी महामार्गाची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१५ मध्ये घोषणा झाली. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, त्यांपैकी सुमारे ९७ किलोमीटर एकट्या वाशिम जिल्ह्यातून: कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव. सुरुवातीला सरकारनं आंध्रच्या अमरावतीचा कित्ता गिरवून भूसंचयाची योजना आणली. जमीन द्या, दहा वर्षं वार्षिक रक्कम घ्या आणि पुढे होणाऱ्या नवनगरात विकसित भूखंड घ्या. कागदावर योजना हुशारीची होती. पण ज्याच्याकडे तीन एकर सोयाबीन-तुरीचं वावर आहे, त्याला नवनगरातला भूखंड म्हणजे हवेतलं घर. एक जण मला म्हणाला होता, "गुरुजी, वावर आज चाललं, अन् नगर कधी होईन? माह्या नातवाच्या लग्नात?"

हा प्रश्न गावोगावी विचारला गेला. नाशिक जिल्ह्यात सिन्नर भागात, शिवडे गावात तर विरोध फार टोकाला गेला. शेवटी सरकारनं भूसंचयाचा आग्रह सोडला आणि २०१७ मध्ये थेट खरेदी सुरू केली. बाजारभावाला दोननं गुणायचं, तेवढंच दिलासा म्हणून आणखी द्यायचं, म्हणजे चौपट. त्यावर आपखुशीनं विकल्याबद्दल पंचवीस टक्के. एकूण पाचपट. हा हिशेब आमच्याकडच्या सातवी नापास माणसालाही तोंडपाठ झाला होता. (वर्गात त्रैराशिक शिकवताना माझ्या वाट्याला असे विद्यार्थी आले नाहीत.) भाव कळला आणि विरोध बराचसा मावळला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे.

शेतकरी जिंकले, असं कुणी म्हणेल. दरात जिंकले, हे मान्य. पण विचारणा झाली ती दराची. रस्ता कुठून जाणार, त्यावर चढायला-उतरायला वाट कुठे ठेवणार, हे आधीच ठरलेलं होतं. समृद्धीवर कुठूनही चढता येत नाही. बंडी, ट्रॅक्टर, दुचाकी यांना तिथे मज्जाव. ज्याच्या शेताच्या धुऱ्याला लागून रस्ता गेला तो त्याच्याकडे रात्रीचे दिवे पाहतो, जायचं असेल तर चौफुलीच्या गावापर्यंत फिरून जावं लागतं.

आमच्याच रेल्वे लाइनवर अकोटच्या पुढे याच्या उलट घडलं. जुनी मीटरगेज मेळघाटच्या जंगलातून जात होती. तिथेच ब्रॉडगेज करायची म्हटल्यावर वन्यजीव अभ्यासकांनी हरकत घेतली आणि जंगलाबाहेरच्या गावांनी सांगितलं की लाइन आमच्याकडून न्या, आम्हाला गाडी हवी आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारनंही बाहेरच्या मार्गाचीच बाजू घेतली. इथे पहिल्यांदा 'किती देणार' नव्हे, तर 'कुठून' हा प्रश्न विचारला गेला. शक्तिपीठ महामार्गाच्या बाबतीत कोल्हापूरकरांनीही तोच प्रश्न लावून धरला, आणि २०२४ मध्ये त्यांच्या जिल्ह्यापुरती अधिसूचना मागे घ्यावी लागली.

काही वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या सुनावणीला मी गेलो होतो. नावगाव नको. नकाशा इंग्रजीत, भिंतीवर एवढा उंच लावलेला की पुढच्या माणसालाही दिसू नये. साहेब सभ्य होते, चहा दिला. पण बसलेल्या माणसांचे प्रश्न आणि नकाशा यांची भेट काही झाली नाही. लोक विचारत होते की नाल्याचं पाणी कुठून काढणार? पांदण तुटते तिथे बंडीसाठी बोगदा ठेवणार का, आणि त्यातून वैरणीची भरलेली बंडी जाईल का? विहीर एकीकडे अन् वावर दुसरीकडे राहिलं तर पाइप कुठून न्यायचा? हे प्रश्न 'इतर' या रकान्यात लिहून घेतले गेले. मागे बसलेला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "साहेब, रस्ता कोठून जाईन हे त ठरलंच हाये. मंग आमाले बलावलं काहाले?" सगळे हसले. साहेबही हसले.

तेव्हापासून मी अर्ज लिहून देतो. माणूस सातबारा घेऊन येतो, आम्ही ओट्यावर बसून गाव नकाशा पसरतो. पाणी कोणत्या बाजूनं येतं, उतार कुठे आहे, पावसाळ्यात कोणत्या जागी गुडघाभर साचतं, हे तो बोटानं दाखवतो आणि मी लिहितो. बोगद्याची उंची मोघम लिहायची नाही, वैरणीनं भरलेली बंडी जमिनीपासून फुटपट्टीनं मोजून आकडा टाकायचा. दोन प्रती करायच्या, एकीवर पोच घ्यायची. गेल्या पावसाळ्यात एका अर्जाचं उत्तर आलं, नाल्यावर एकाऐवजी दोन नळ्यांची मोरी मंजूर झाल्याचं. उत्तर इंग्रजीत होतं. त्यानं ते मला दोनदा वाचायला लावलं आणि मग घडी घालून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलं.