अकरावा तास

आपल्याकडे आयुष्याचे चार आश्रम सांगितले आहेत. आधी विद्या, मग संसार, पुढे वनाची वाट आणि अखेरीस सर्वसंगपरित्याग. हिशेब मोठा सुबक आहे. पण तो मांडला पुरुषाच्या आयुष्यावरून. जिला लहानपणी शाळा मिळाली नाही आणि उतारवयात संसार सुटला नाही, त्या बाईने कोणत्या आश्रमात बसावे?

ख्रिस्ती धर्मग्रंथात येशूने सांगितलेला एक दाखला आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर आणतो. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला पुन्हा जातो. दिवस मावळायला आला, अकरावा तास झाला, तरी पुन्हा जातो आणि रिकामे उभे असलेल्यांनाही कामावर बोलावतो. संध्याकाळी मजुरी मात्र सर्वांना सारखी! सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी या तासांचा अर्थ माणसाच्या वयाच्या अवस्था असा लावला. म्हणजे बोलावणे बालपणी येईल, तारुण्यात येईल, तसे म्हातारपणीही येईल. ज्या वयात ते येत नाही, असे वयच नाही.

हा दाखला वाचताना मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे त्यांचा जन्म झाला. बालवयातच लग्न झाले, आणि अक्षरे गिरवली ती लग्नानंतर. १८९५ च्या फेब्रुवारीत पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि भरला संसार दुभंगला. नवऱ्यामागे बायकोने निमूट जावे, असा तो काळ. पण बाई लगेच गेल्या नाहीत. त्यांनी स्वतः विचार केला, सोवळेओवळे मनाशी तपासून पाहिले, आणि पाच वर्षांनी, १९०० साली, आपल्या पायांनी त्या धर्मात आल्या. पुढे नगरच्या संसारात पोरक्या मुलांना आसरा मिळाला. बालकवी ठोंबरेही काही काळ त्याच घरात वाढले.

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली. १९१९ च्या मे महिन्यात ते निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. लक्ष्मीबाईंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. त्या वयाच्या विधवेने माळ ओढीत बसावे, एवढीच जगाची अपेक्षा. बाईंनी लेखणी उचलली आणि त्या काव्याचे आणखी ६४ अध्याय रचले! शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी, पुरा केला. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा बाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. १९३६ च्या फेब्रुवारीत त्यांनी देह ठेवला. ‘ख्रिस्तायन’ छापून आले ते १९३८ साली, त्यांच्या मागे.

आज मराठीत आत्मचरित्राचे नाव निघाले की ‘स्मृतिचित्रे’ पहिल्या रांगेत असते. ते पुस्तक अकराव्या तासाची कमाई आहे. मला वाटते, त्यागाइतकीच स्वीकारालाही उतारवयात जागा आहे. सोडण्याची वेळ आली असे ज्या वयात जग सांगते, त्या वयात बाईंनी अर्धे पडलेले काम हाती घेतले.

वाचकहो, फराळाच्या गडबडीत घरातल्या आजीला ‘तू आता स्वस्थ बस’ असे आपण मायेनेच म्हणतो. त्याऐवजी तिच्या हाती एक कोरी वही देऊन पाहावी. मळ्याचा धनी अजून बाजारात उभा असेल.