डच आयरिस: दक्षिणेचा कंद, हार्लेमची पैदास

युरोपातील घरगुती बागेत शरद ऋतूत लावायच्या कंदांमध्ये ट्यूलिप आणि नार्सिसस यांच्या जोडीने डच आयरिसला हमखास जागा मिळते. तरी त्याच्या पूर्वजांपैकी एकही जाती नेदरलँड्सच्या मातीत रानटी उगवत नाही. आयरिस वंशातील बहुतेक वनस्पती मूलस्तंभापासून, म्हणजे जमिनीलगत आडव्या वाढणाऱ्या जाड खोडापासून, वाढतात. मात्र स्पेन आणि पोर्तुगालच्या परिसरात या वंशाची एक लहान शाखा कंद धरते. तिच्यातील ‘आयरिस झिफियम’ ही जाती स्पॅनिश आयरिस म्हणून ओळखली जाते, तर ‘आयरिस टिंजिटाना’ ही मोरोक्कोतील टँजियरच्या आसपास आढळते. दोन्हींचा जीवनक्रम भूमध्यसागरी हवामानाने घडवलेला आहे: शरदातल्या पावसाबरोबर पाने फुटतात, ओल्या आणि सौम्य हिवाळ्यात वाढ होते, वसंतात फूल येते आणि कोरड्या, कडक उन्हाळ्यात कंद मातीखाली निद्रिस्त राहतो.

स्पॅनिश आयरिस उत्तर युरोपात पोचला तो सोळाव्या शतकात, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि हौशी बागवान एकमेकांना कंद आणि बिया धाडत त्या काळात. कारोलस क्लूसियस याने १५६४ आणि १५६५ या वर्षांत स्पेन-पोर्तुगालचा प्रवास केला, तिथल्या वनस्पतींवरचा ग्रंथ १५७६ साली प्रसिद्ध केला आणि १५९३ मध्ये लायडन येथे येऊन तिथल्या विद्यापीठाच्या वनस्पती-उद्यानाची उभारणी केली. सतराव्या शतकातील डच पुष्पचित्रांत ट्यूलिप आणि गुलाबांच्या गर्दीत जे निळे-पिवळे कंदज आयरिस दिसतात, ते याच स्पॅनिश जातीचे किंवा पायरेनीज पर्वतातील तिच्या भावंडाचे आहेत. हे पायरेनीजचे भावंड ब्रिस्टल बंदरातून इंग्लंडात शिरले आणि पुढे इंग्लिश आयरिस म्हणूनच रूढ झाले. आज फुलवाल्याकडे मिळणारा डच आयरिस मात्र त्या चित्रकारांपैकी कोणीही पाहिलेला नव्हता.

तो घडला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, हार्लेम येथील व्हॅन ट्यूबर्गन या कंद-व्यापारी पेढीच्या वाफ्यांत. या पेढीने मध्य आशियापासून भूमध्यसागरापर्यंतच्या रानांतून कंद गोळा करून आणले होते, आणि संकराची, म्हणजे दोन भिन्न जातींचा संयोग घडवून नवे वाण काढण्याची, तिची परंपरा होती. टिंजिटानाचे फूल मोठे आणि लवकर येणारे असले तरी थंड प्रदेशात ती नीट फुलत नाही. झिफियम अधिक काटक असली तरी तिचे फूल उशिरा येते. म्हणून झिफियमचा लवकर फुलणारा प्रकार आणि पोर्तुगालकडचा पिवळा प्रकार टिंजिटानाशी जुळवले गेले.

आयरिसमध्ये हे काम हातानेच करावे लागते. फुलाच्या तीन पाकळ्या खाली झुकलेल्या असतात आणि प्रत्येकीवर पिवळा डाग असतो. तीन पाकळ्या उभ्या असतात. आणि मधे पाकळीसारख्याच दिसणाऱ्या कुक्षीवृंताच्या, म्हणजे स्त्रीकेसराच्या वरच्या भागाच्या, तीन शाखा असतात. प्रत्येक शाखेच्या छताखाली एक पुंकेसर दडलेला असतो आणि तिच्या टोकाजवळ ओठासारखी बारीक पट्टी असते. परागकण ग्रहण करणारी जागा तीच. संकर करणारा कळी उमलण्यापूर्वीच पुंकेसर चिमटीने काढतो आणि दुसऱ्या झाडाचे पराग त्या ओठावर टेकवतो. बी रुजल्यापासून पहिले फूल दिसेपर्यंत तीन ते पाच वर्षे जातात, म्हणजे संकर साधला की नाही हे ठरायलाच तेवढा काळ लागतो. त्यानंतर निवडलेल्या एका रोपाचे विक्रीपुरते कंद होण्यासाठी आणखी कित्येक हंगाम थांबावे लागते. अशा धिम्या कामातून निघालेल्या आरंभीच्या वाणांना पेढीने चित्रकारांची नावे दिली. त्यांपैकी फ्रान्स हाल्स हा तर हार्लेमचाच रहिवासी होता.

परंतु या फुलाच्या इतिहासातील खरे निर्णायक काम वाफ्यात नव्हे, तर प्रयोगशाळेत झाले असे म्हणावे लागते. वाखेनिंगन येथील प्राध्यापक आंतोन हेंड्रिक ब्लाऊ (१८८२–१९४२) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदांतील कळी नेमकी कधी आणि किती तापमानाला घडते याचा पद्धतशीर अभ्यास केला. ट्यूलिप आणि नार्सिसस यांची कळी लागवडीपूर्वी, उन्हाळ्यातच, कंदाच्या पोटात तयार झालेली असते. डच आयरिसची कळी मात्र लागवडीनंतर गारव्यात आकार घेते, आणि तत्पूर्वी कंदाला उष्णता मिळालेली असेल तरच ती खात्रीने येते. कंद काढल्यानंतर काही काळ सुमारे तीस अंश सेल्सियसला ठेवून मग नऊ ते तेरा अंशांच्या गारव्यात न्यायचे, ही रीत या अभ्यासातूनच पक्की होत गेली; आणि तीस अंशांवरच कंद महिनोन्‌महिने रोखून धरता येतो हे कळल्यावर बाजारात वर्षभर आयरिस पुरवणे शक्य झाले. पुढे धुराची धुरी आणि तिच्यातील परिणामकारक वायू, एथिलीन, यांनीही कंद फुलण्यास प्रवृत्त होतात असे दिसून आले. मोरोक्कोच्या उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे काम गोदामातील तापमापकाकडे सोपवले गेले, हे या संशोधनाचे मोठेच यश होय. एका गडद निळ्या वाणाला ‘प्रोफेसर ब्लाऊ’ हे नाव मिळाले आणि तो आजही घराघरांतील बागांत लावला जातो.

घरगुती बागेतील अनेकांची जी तक्रार असते, की पहिल्या वर्षी ताटवा बहरतो आणि नंतर फुले कमी होत जातात, तिचे कारणही येथेच सापडते. डच आयरिसचा कंद बारमाही गड्ड्याप्रमाणे टिकत नाही. दरवर्षी तो स्वतः संपतो आणि आपल्या जागी नवे कंद सोडून जातो. ज्या कंदातून फुलाचा दांडा गेला, त्याच्या कुशीत वाढलेले नवे कंद एका बाजूने चपटे असतात. फूल न आलेल्या कंदाचा वारस गोल निघतो. परीघ पुरेसा न भरलेला कंद केवळ तीन पाने काढतो आणि फुलाविनाच हंगाम संपवतो. त्यातच उत्तरेकडील पावसाळी उन्हाळा आणि चिकण, पाणी धरून ठेवणारी माती कंदांना कळीसाठी लागणारी कोरडी ऊब देत नाही. मावा कीड मोझेक विषाणू पसरवते तो भाग वेगळा. म्हणून ब्रिटनमधील पुष्कळ बागवान दर शरदात नवे कंद आणून सुमारे दहा सेंटीमीटर खोल लावतात, तर उन्हाळा कोरडा असलेल्या कॅलिफोर्नियासारख्या प्रदेशात, निचरा चांगला असेल आणि पाने पिवळी पडल्यावर पाणी तोडले असेल, तर तेच कंद जागच्या जागी अनेक वर्षे फुलत राहतात.