कपाटातील कापड आणि सुईने काढलेली अक्षरे : सतराव्या शतकातील हॉलंडच्या गृहव्यवस्थेतील एक प्रकरण

पीटर द होख ह्या डच चित्रकाराचे १६६३ सालचे एक चित्र आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. ओक लाकडाच्या भव्य कपाटापुढे दोन स्त्रिया उभ्या असून घडी घातलेली पांढरी कापडे एकीच्या हातून दुसरीच्या हाती जात आहेत. दाराशी एक मूल काठीने चेंडू टोलवीत आहे. घटना म्हणावी असे चित्रात काहीच नाही. तथापि हॉलंडमधील सधन घराची प्रतिष्ठा त्या कपाटात साठविलेली होती, हे लक्षात घेतल्यावाचून चित्रकाराने हा प्रसंग का निवडला ह्याचा उलगडा होत नाही.

हे कापड म्हणजे लिनन, जवसाच्या झाडाच्या वाखापासून काढलेल्या सुताचे. मराठीत त्यास पुष्कळदा ‘तागाचे कापड’ म्हटले जाते. ताग ही वनस्पती निराळी असल्याने तो शब्द येथे वापरणे युक्त नव्हे. मेजावर अंथरावयाच्या चादरी आणि मांडीवर घ्यावयाचे हातरुमाल ह्यांसाठी वेलबुट्टीचे दमास्क विणले जाई, व हार्लेम नगर त्याकरिता ख्यातनाम होते. धुलाईसाठीही हार्लेमचाच लौकिक. परदेशचे कोरे कापडसुद्धा तेथे येई. क्षारयुक्त पाणी आणि आंबट ताक ह्यांच्या आळीपाळीने दिलेल्या प्रक्रियेने, आणि वाळूच्या टेकड्यांमागील कुरणांवर उन्हात पसरून, ते शुभ्र करण्यात येई. याकोब फान राउसडालच्या हार्लेमच्या दृश्यांत गवतावर दिसणारे पांढरे पट्टे म्हणजे हेच कापड होय. ते शुभ्र करणाऱ्या मजूर स्त्रिया चित्रात ठिपक्याएवढ्याच उरल्या आहेत.

हातरुमाल जवळजवळ मीटरभर लांब असत. काट्याने खाण्याची रीत रुजलेली नसल्यामुळे बोटे पुसण्यास मोठे कापड लागे. इरॅस्मसने १५३० सालच्या बालशिष्टाचारावरील पुस्तिकेत रुमाल डाव्या खांद्यावर अथवा हातावर ठेवण्यास सांगितले आहे. पण डझनांनी कापड बाळगण्याचे खरे कारण निराळेच आहे. श्रीमंत घरात मोठी धुलाई वर्षातून मोजक्याच वेळा होत असे. दोन धुलायांमध्ये पुरेल एवढा साठा घरात असणे हेच संपन्नतेचे लक्षण ठरले, कारण वारंवार धुवावे लागणे म्हणजे जवळ थोडे असणे. कपाटाच्या आकाराचे मूळ अशा रीतीने धुलाईच्या वेळापत्रकात आहे.

धुतलेले कापड किंचित दमट असतानाच घडी घालून लाकडी दाबयंत्रात ठेवीत आणि मळसूत्र फिरवून दाबीत. त्यामुळे घडीच्या रेषा पक्क्या उमटत. तत्कालीन भोजनचित्रांत मेजावरील चादरीवर चौकोनी रेषांचे जाळे दिसते, ते ह्याच घड्यांचे. आजच्या पाहणाऱ्यास तो निष्काळजीपणा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः चादर नुकतीच कपाटातून काढली असल्याची ती ग्वाही होती. ‘परीटघडी’ हा शब्द ज्या भाषेत आहे आणि नवे वस्त्र प्रथम वापरण्यास जी ‘घडी मोडणे’ म्हणते, त्या मराठीच्या वाचकास हे विस्ताराने सांगावयास नको.

ह्या साऱ्यात अभ्यासकाने विशेष थांबावे असे स्थळ म्हणजे कापडाच्या कोपऱ्यातील खूण. प्रत्येक नगावर फुलीच्या टाक्याने, बहुधा लाल अथवा निळ्या रेशमाने, मालकाची किंवा मालकिणीची आद्याक्षरे आणि क्रमांक काढीत. बाहेर धुण्यास गेलेले कापड ओळखता यावे, संचातील हरवलेला नग तत्काळ ध्यानात यावा, आणि वरचेच नग सदैव वापरले जाऊन तळाचे पडून राहू नयेत, ही त्यामागील दृष्टी. क्रमांकामुळे सर्व नगांची झीज सारखी होई. मृत्यूनंतर घरातील वस्तूंची यादी केली जाई, तेव्हाही मोजणी सुकर होत असे. विवाहित स्त्रीच्या संपत्तीचा कारभार कायद्याने पतीकडे जात असे. ह्या पार्श्वभूमीवर माहेरची आद्याक्षरे वागविणाऱ्या कापडाचे मूल्य निव्वळ व्यावहारिक होते असे म्हणता येत नाही.

ही खूण करण्याचे शिक्षण मुलींना लहानपणीच मिळे. सरावाच्या कापडावर त्या संपूर्ण वर्णमाला आणि अंक सुईने काढीत. डच भाषेत अशा कापडास ‘मेर्कलाप’ म्हणजे ‘खुणेचे फडके’ म्हणतात, ते सार्थच आहे. येथे साक्षरतेच्या इतिहासाचा एक प्रश्न उपस्थित होतो. आम्स्टरडॅमच्या १६३० सालच्या विवाहनोंदींत सुमारे ५७ टक्के वरांनी आणि ३२ टक्के वधूंनी सही केलेली आढळते. उरलेल्यांनी खूण केली. ह्या आकड्यांवरून स्त्रियांची अक्षरओळख किती अल्प होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु त्या काळी वाचन आधी व लेखन मागाहून, वेगळे शुल्क घेऊन, शिकविण्याचा प्रघात होता. आणि लेखणी हाती न धरलेल्या हाताने सुईने अक्षरे काढलेली असणे सर्वस्वी शक्य आहे. सही करता न येणारी प्रत्येक वधू अक्षरे ओळखत होती, असे अर्थातच ह्यावरून सिद्ध होत नाही. आद्याक्षरांचे ज्ञान म्हणजे वाचन नव्हे, आणि गरीब घरात खुणा करण्याजोगे कापडच कितीसे असणार? तरीही विवाहनोंदीतील फुली हा निरक्षरतेचा पुरावा मानावयाचा, तर कपाटातील फुलीच्या टाक्यांचीही साक्ष काढावयास हवी.

शब्दांचा प्रवासही उद्‌बोधक आहे. लॅटिन ‘माप्पा’ म्हणजे हात पुसण्याचे वस्त्र. क्विंटिलियन हा शब्द कार्थेजच्या लोकांचा असल्याचे नोंदवितो. त्याचेच फ्रेंच रूप ‘नॅप’, आणि त्यावरून इंग्रजीतील ‘नॅपकिन’ व ‘ॲप्रन’. कापडावर काढलेल्या जगाच्या चित्रामुळे ‘मॅप’ही त्याच कुळातला. पैकी नॅपकिन इंग्रजीमार्फत मराठी घरात आला. ‘अलमारी’ मात्र पोर्तुगिजांनी आणली.

राइक्सम्युझियममध्येच पेट्रोनेला ऊर्टमान हिचे बाहुलीघर आहे. १६८६ ते १७१० ह्या काळात ते सजविले गेले. ते मुलांच्या खेळासाठी नव्हते. प्रौढ, धनाढ्य स्त्रीचा तो संग्रह होता. त्याच्या वरच्या मजल्यावर इंधनाच्या माळ्याशेजारी कापड वाळविण्याची व इस्त्री करण्याची स्वतंत्र खोली आहे.