न कळलेला चटका

१९६२ सालची दिवाळी. घाटकोपरच्या आमच्या चाळीत बायका मिळून चकल्या तळत होत्या. शेजारच्या काकूंनी तापल्या कढईचा कान उघड्या हाताने धरला आणि त्या तशाच बोलत राहिल्या. कातडी भाजल्याचा वास आम्हां पोरांनाही आला. त्यांना मात्र पत्ता नव्हता. "अहो काकू, हात!" म्हणून आई ओरडली, तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिले. महिन्याभरात जिन्यावर कुजबूज सुरू झाली, महारोग.

त्यांना चटका कळला कसा नाही, हे कोडे मला पुष्कळ वर्षांनी उलगडले. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काही पेशी आपल्या मज्जातंतूंना लपेटून असतात आणि त्यांची निगा राखतात. कुष्ठाचा जंतू नेमका यांच्याच घरात बिऱ्हाड करतो. हॅन्सनने तो १८७३ साली नॉर्वेत पाहिला. पण नुसत्या खाद्यावर तो बशीत वाढविणे आजवर कुणाला साधलेले नाही. त्याला जिवंत पेशीच हवी!

मग ते घरच बशीत वसवावे, असे वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये ठरले. तिथले डॉ. नोशीर अँटिया हे प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांचे वाकलेले हात त्यांनी स्वतः सरळ केलेले. उंदराच्या नवजात पिलाच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या बारीक गाठी असतात. त्या अलगद काढायच्या, पोषक द्रवात, अंगाइतक्या उबेत ठेवायच्या. गृहिणींना विरजण आठवेल. पण हे विरजण भारी नाजूक. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी त्यात तणासारख्या माजतात आणि श्वान पेशींना जागाच उरू देत नाहीत. रोज डोळ्यांत तेल घालून बघावे लागते. कुष्ठरोग्यांपासून मिळविलेले जंतू अशा श्वान पेशींत वाढल्याचे मुखर्जी आणि अँटिया यांनी १९८५ साली प्रसिद्ध केले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ साली सुचविलेल्या संयुक्त औषधांनी जंतू मरतो, रोग्यापासून संसर्गही लवकरच थांबतो. मात्र फार उशीर झाला असेल, तर मेलेली संवेदना सहसा परतत नाही.

डॅप्सोनची गोळी काकूंच्या वेळीही मिळत होती. पण पुढल्या दिवाळीत आमच्या पंगतीला त्यांचे पान मांडले गेले नाही, आणि काकू कुठे आहेत, हे आम्हां पोरांपैकी एकानेही विचारले नाही.